मेहमानचा उजवा कान

जिलानी पेंटरला काम सांगणं म्हणजे आपल्या हातानं आपलं डोकं फिरवून घेणं. हे अख्ख्या अहमदपूरला माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि तरी मी त्याच्याकडंच गेलो. कारण त्याच्याइतका साफ हात आसपास दुसऱ्या कुणाचा नव्हता. खरा वैताग हाच आहे. माणूस कामाला वाईट असता, तर एकदाच कडाडून भांडून मोकळं होता आलं असतं.

त्या वेळी मी पशुसंवर्धनाच्या एका पदविका शाळेत शिकवत होतो. भूकंपानंतर आमच्या जिल्ह्यात दोनच गोष्टी भराभर उभ्या राहिल्या, पुनर्वसनाची घरं आणि शिकवण्या. लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले. ज्याला त्याला पोरगं डॉक्टर करायचं होतं. जी पोरं डॉक्टर होता होता राहिली त्यांतला मी एक, जनावरांचा डॉक्टर. माझे वडील पाहुण्यांना नुसतं "दयानंद डॉक्टर आहे" एवढंच सांगायचे आणि पाहुणा पोटावर हात ठेवून सरसावला की पावसापाण्याचा विषय काढायचे.

बसवंतअप्पा हे आमचे संस्थाचालक. लातूरच्या क्लासवाल्यांची भरभराट बघून त्यांनाही शाळा काढायची हुक्की आली आणि तुरीच्या जुन्या गोदामात त्यांनी ही शाळा सुरू केली. मान्यता मिळायची होती. तपासणीची मंडळी जूनमध्ये येणार होती आणि अप्पांनी मला सरळ सांगितलं होतं, "सर, मान्यता आली तर तुम्ही सर. न्हाई आली तर गोदामात पुन्हा तूर." म्हणजे मी पुन्हा वडिलांच्या पाहुण्यांसमोर.

माझा विषय होता लहान जनावरांचे बाह्य अवयव. कुत्रा, मांजर, शेळी, ससा. ऐकायला पोरकट वाटतं, पण आमच्याकडं माणूस जनावर घेऊन येतो आणि म्हणतो, "पाय दुखायलाय." खांद्यापासून नखापर्यंत सगळं एकच, पाय. कुत्र्याच्या मागच्या पायाला जो उलटा वाकलेला सांधा दिसतो, त्याला सगळे गुडघा म्हणतात. तो गुडघा नाही, ती टाच. गुडघा वर असतो, पोटाजवळ. कुत्रं जन्मभर टाच उचलून बोटांवर चालत असतं. हे मी वर्गात घसा कोरडा होईस्तोवर सांगायचो आणि पेपरात पोरं पुढच्या पायांना "हात" लिहून यायची. म्हणून मला भिंतीवर मोठे तक्ते हवे होते, रेघा ओढून नावं लिहिलेले. तपासणीवाल्यांनाही ते दिसले असते.

जिलानी तेव्हा लातूरच्या क्लासवाल्यांचे फलक रंगवायचा. किडकिडीत बांधा, कानावर ब्रश, टोपीवर सगळ्या रंगांचे शिंतोडे. पहिल्या आलेल्या पोरांचे चेहरे तो असे हुबेहूब काढायचा की क्लासवाले हैराण व्हायचे. मुरूम असेल तर मुरूम काढणार, दात पुढं असेल तर दात. एका मुलीच्या आईनं फलकासमोर उभं राहून क्लासच्या सरांना झापलं होतं म्हणे. त्यावर जिलानीचं म्हणणं एवढंच, "बाई, मुरूम तुमच्या पोरीचाच हाय. मी आनला न्हाई."

आणि त्याच फलकाच्या खालच्या कोपऱ्यात, "यशाची उज्ज्वल परंपरा" या अक्षरांच्या पायथ्याशी, एक कुत्रा बसलेला असायचा. उजवा कान अर्धा तुटलेला, शेपटी मधूनच मोडून लोंबणारी. क्लासवाले सर चिडून लाल झाले. जिलानी म्हणाला, "सर, कोपरा रिकामा व्हता."

कोपऱ्याचं ते निमित्त होतं. तोच कुत्रा आमच्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर होता, बसस्टँडजवळच्या जनावरांच्या औषधाच्या दुकानावर होता. का होता, तेही गावाला ठाऊक होतं.

भूकंप झाला त्या आठवड्यात अहमदपुरातून भाकऱ्यांचा ट्रक किल्लारीकडं गेला. त्यात जिलानी होता. कुठल्याशा गावात पडलेल्या घराच्या माळवदाखालून त्यांनी एक कुत्रा ओढून काढला. जिलानीनं आपल्या रुमालानं त्याचा कान बांधला आणि ते कुत्रं जे ट्रकमध्ये चढून बसलं, ते उतरायलाच तयार होईना. ट्रक त्या दिवशी तीन-चार गावं फिरला होता. कुत्रं कोणत्या गावातलं, ते जिलानीला सांगता येत नव्हतं. मी एकदा त्याच्यावर खेकसलोच, "अहो, निदान गावाचं नाव तरी विचारायचं!"

"गाव कुठं व्हतं सर, नुसते दगड व्हते. ह्या गावाचे दगड त्या गावासारकेच."



त्याची बायको चांदबी बाजूच्या खोलीत शिवणकाम करायची. जिभेची तिखट, हाताची सढळ. तिनं पहिल्याच दिवशी नवऱ्याला बजावलं होतं, "मेहमानाला नाव ठिवायचं न्हाई. नाव ठिवलं की त्यो घरचा होतो, मग देववत न्हाई." म्हणून कुत्र्याला सगळे मेहमानच म्हणायचे. मेहमान अंगणातल्या लिंबाखाली बांधलेला असायचा, चांदबीच्या हातची भाकरी खायचा, आणि जिलानीच्या डोक्यात एकच किडा वळवळत असायचा, ह्याला ह्याच्या घरी पोचवायचं. "सर, ह्याच्या मागं कुनी तरी वाचलं असंल. त्यांना वाटत असंल, आपलं काहीच निघालं न्हाई. कुत्रं तरी निघालंय, हे त्यांना कळाया नको?"

सुरुवातीला तो त्याला घेऊन भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडांमधून हिंडला. तिथं वेगळीच पंचाईत झाली. जो तो म्हणायचा, आमचाच. काहींना खरंच तसं वाटायचं, काहींना नुसतं कुत्रं हवं होतं. मेहमान कुणाकडंच गेला नाही, जिलानीच्या पायामागं दडून राहिला. तेव्हापासून जिलानीनं तो भिंतींवर काढायला घेतला. मी म्हटलं, खाली लिहा ना, ओळख पटल्यास भेटा, म्हणून. तर म्हणे, "लिवलं की लोक वाचत्यात, बघत न्हाईत. अन वाचलं की उद्या पुन्हा धा जन येतील. ज्याचा असंल त्यो आपनहून थांबंल की."

चार वर्षं कुणी थांबलं नव्हतं.

अशा माणसाला मी तक्ते सांगितले. झालं ते माझ्याच कर्मानं.

त्यानं मांजरपाटाच्या कापडावर चार तक्ते आणून दिले. पहिला मांजराचा. मांजर पाठमोरं बसलेलं! मिशा, नाक, हनुवटी, यांच्या रेघा कुठं न्यायच्या? मी विचारलं, हे काय आहे? "चांदबीचं मांजर हाय सर. मी काढाया बसलो की तोंड फिरवतंय. लई आगाऊ हाय." शेळीच्या तक्त्यात शेळी छान होती, काळीभोर, लांब कानांची, गळ्याखाली दोन लोंबत्या गाठी, सगळं जिथल्या तिथं. पण गळ्यात दावं होतं, दाव्याला खुंटी होती आणि खुंटीजवळ लेंड्या होत्या. "व्हत्या तिथं," म्हणाला. ससा तेवढा नीट निघाला होता, कारण ससा त्यानं जवळून कधी पाहिलाच नव्हता, माझ्या पुस्तकातून उतरवला होता.

आणि कुत्र्याच्या तक्त्यावर अर्थातच मेहमान.

मी कपाळाला हात लावला. नाकाचा शेंडा, मुस्कट, कपाळ, मान, खांदा, कोपर, मनगट, पंजा, कंबर, मांडी, गुडघा, टाच, सगळं असं अचूक की पुस्तकातल्या चित्रानं लाजावं. मागच्या पायाला, टाचेच्या खाली आतल्या अंगाला, जादा लोंबती नखं असतात काही कुत्र्यांना, तीही दोन्ही काढलेली. आणि "कानाचे टोक" अशी नावाची रेघ जिथं पोचायची, तिथं काहीच नाही. "शेपटीचे टोक" तर खाली मांडीच्या मागं लटकलेलं.

"जिलानीभाई, मला कुत्रा पाहिजे होता."

"कुत्राच हाय की."

"हा कुत्रा नको. कुत्रा. साधा. दोन कान, एक शेपटी."

"कुत्रा म्हंजे कंचा कुत्रा, सर?"

"कुठलाही नाही! सगळ्या कुत्र्यांचा मिळून एक!"

त्यानं माझ्याकडं अशा काळजीनं पाहिलं, जणू मला ताप चढला असावा. "असा कुत्रा कुनाच्या घरी असतोय?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "सर, तुमच्या शाळंत कुठनं कुठनं मानसं जनावरं घेऊन येत्यात. निलंग्याकडची येत्यात, औशाकडची येत्यात. राहू द्या ना. त्या कानाच्या खुनंवरच तर कुनी वळकंल त्याला."

मी चिडलो होतो, पण अगदीच दगड नव्हतो. म्हटलं, तपासणी होऊ दे, मग वर्षभर लावा तुमचा मेहमान. तपासणीपुरता कान जोडा. तो हो म्हणाला, मान डोलावली, चहा प्याला आणि लातूरला निघून गेला. निकालाचे दिवस होते, फलकांचं काम तुंबलं होतं. तपासणी तोंडावर आली तरी हा बाबा उगवला नाही. मी चांदबीकडं दोनदा खेपा घातल्या. ती म्हणाली, "सर, त्यो मला विचारून जातोय व्हय? घ्या डबे, तुमीच रंगवा. तुमी तर डाक्टरच."

घेतले डबे. मीच कान जोडला. आयुष्यात ब्रश धरला नव्हता, पण रागाच्या भरात हात बरा चालला. डावा कान बघून उजवा काढला, ताठ, टोकाशी किंचित दुमडलेला. लोंबती शेपटी पुसून वर वळवली. मागची ती जादा नखंही पुसणार होतो, पण तेवढा बारीक ब्रश मला सापडला नाही. रेघा नीट टोकांना नेऊन भिडवल्या. लांबून बघितलं, तर अगदी चारचौघांसारखा कुत्रा. मला त्या रात्री फार छान झोप लागली.

तपासणीच्या दिवशी अप्पांनी शाळेच्या आवारात जनावरांचं मोफत शिबिर ठेवलं, गर्दी दिसावी म्हणून. गर्दी झाली. शेळ्या, कोंबड्या, पोरं, धूळ. तपासणीचे दोन साहेब तक्त्यांच्या खोलीत उभे राहून मांजराची पाठ निरखत होते आणि मी "हा पृष्ठभागाचा अभ्यास" असं काहीतरी ठोकून देत होतो. तेवढ्यात एक म्हातारी काखेत पाट घेऊन दारात आली, म्हणजे शेळीचं पिल्लू. केवळाबाई तिचं नाव, औशाकडच्या एका पुनर्वसनाच्या गावची. लेकीकडं आली होती, शिबिराचं ऐकून इकडं वळली.

"सायेब, हिचा पाय दुखायलाय."

मला वाटलं, हीच संधी. साहेबांकडं बघत मी म्हटलं, "आजी, पाय म्हणजे नेमका कुठं? या तक्त्यावर बोट ठेवून दाखवा बरं." बाई पुढं आली, शेळीच्या तक्त्यावर पुढच्या पायाच्या खुराजवळ बोट ठेवलं, अगदी बरोबर. मी साहेबांकडं विजयी मुद्रेनं पाहिलं. वळलो, तर बाई शेजारच्या तक्त्यासमोर उभी. पाट तिच्या काखेतून सुटून टेबलाखाली गेलं होतं आणि तिला भान नव्हतं.

"ह्यो तर खंड्या हाय," ती म्हणाली.

"आजी, तो नुसता कुत्रा आहे. नमुना."

"नमुना न्हाई, खंड्या हाय. आमचा." मी काढलेल्या कानावर तिनं तळहात ठेवला, मग वळलेल्या शेपटीवर, आणि मग वाकून मागच्या पायाशी बोट नेलं. "ही बगा, मागल्या पायाची दोन नखं. माझ्या मालकांनी तेवढ्यासाठीच त्याला पाळला व्हता. दोनी पायाला हायती का न्हाई?"

होती. ब्रश नव्हता म्हणून राहिली होती. 

साहेबांपैकी एकजण घड्याळ बघत म्हणाले, "दयानंद सर, पुढं चला." अप्पा मला डोळ्यांनी खुणा करत होते. मी म्हटलं, "साहेब, पाच मिनिटं बसा." मान्यतेच्या दिवशी साहेबांना बसा म्हणून निघून जाणारा मास्तर अप्पांनी त्याआधी पाहिला नव्हता, असं ते अजून सांगतात.

आजीला घेऊन जिलानीच्या घराकडं जाताना गिरणी लागली. भिंतीवर मेहमान होता, कानतुटका. मी थांबून विचारलं, "आजी, हा बघितला होता का कधी?"

"हाव, बघितला की. लेकीकडं येते तवा दरखेपंला बघते. थांबत व्हते जरा. पर खंड्याला दोन कान व्हते, शेपूट अशी वर. म्हनलं, हा दुसऱ्या कुनाचा तरी. आपला कुठला ऱ्हायलाय." पदरानं तोंड पुसून ती पुढं म्हणाली, "त्या दिवशी घरातल्यांना माती दिली, तवा त्यालाबी त्यांच्यातच धरला व्हता."

जिलानी सकाळीच लातूरहून परतला होता आणि अंगणात डबे धूत बसला होता. मला बघून सारवासारव करायला लागला, "येनारच व्हतो सर, आजच कान..." तेवढ्यात बाईनं हाक मारली. मोठ्यानं नाही. जेवायला बोलवावं तशी.

मेहमान उठला. दोरी ताणली गेली. तिच्या पायांचा वास घेतला, चपलांचा, लुगड्याच्या काठाचा, आणि मग तिच्या पायावरच आडवा पडला. कुई कुई करत राहिला, थांबेचना. ती खाली बसली आणि तिची बोटं त्याच्या डोक्यावरून उजव्या कानाकडं गेली, आणि कान संपला तिथं थांबली. "कुठं गेला रे तुझा कान?" ती म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडलो. लपवून काय करायचं?

मी जिलानीला सगळं सांगितलं, गिरणीच्या भिंतीचंही. त्यानं हातातला डबा खाली ठेवला.

"म्हंजे दरखेपंला यांच्या डोळ्यापुढं व्हता?"

"होता."

"चार वर्सं मी त्याचा मारच दाखवत बसलो, सर." त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "यांच्या घरचा कुत्रा तर मी काढलाच न्हाई."

पुढं जे झालं ते जिलानीच्या पद्धतीनंच झालं, म्हणजे डोकं फिरवणारं. बाई थांबलेली, बस गाठायची, आणि हा तिला सूचना देतोय. शेपटीच्या मोडक्या जागी हात लावायचा नाही, चावत नाही पण दुखतं. डाव्या अंगावरच झोपतो. कानाच्या आतून पुसायचं, थंडीत पाणी येतं. मागची ती नखं वळून मांसात घुसतात, वेळच्या वेळी कापायची. पंजाच्या गादीत काटा असला की पाय नुसता उचलून दाखवतो. बाई प्रत्येक गोष्टीला "हाव" म्हणत होती. शेवटी मीच म्हटलं, जिलानीभाई, पुरे आता. चांदबी आतून फडक्यात भाकऱ्या बांधून घेऊन आली. चार वर्षं नाव न ठेवणारी ती बाई कुत्र्याजवळ वाकून काहीतरी पुटपुटली. काय, ते मला ऐकू आलं नाही. मग दोरी सोडून तिनं स्वतःच केवळाबाईच्या हातात दिली आणि आत जाऊन मशीन सुरू केलं. मशीन चालू होतं, पण कापड काही पुढं सरकत नव्हतं.

मेहमान कोपऱ्यापर्यंत गेला, वळून उभा राहिला. जिलानी भिंतीकडं तोंड करून ब्रश झटकत होता. केवळाबाईनं हाक मारली, तसा तो गेला.

मान्यता आली. साहेब चांगले होते, किंवा चहाबरोबरची भजी चांगली असतील. केवळाबाईच्या पाटाच्या पायाला मलम मात्र राहूनच गेलं. ती पाट टेबलाखाली विसरून बसस्टँडवर गेली आणि अप्पांना स्वतः ते काखेत घालून पळावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गावर आलो, तर तक्त्यांच्या खोलीत स्टुलावर जिलानी. कानावर ब्रश, हातात ब्रश, आणि मी एवढ्या मेहनतीनं काढलेला कान निम्मा पुसलेला.

"जिलानीभाई! अहो, काय करताय? ससा सोडला तर तोच एक नीट तक्ता होता माझा!"

"तुमी काढला त्यो त्यांचा व्हता सर. त्यांचा त्यांना पोचला." त्यानं ब्रश बुडवला. "आता माझा काढायलोय."

मी दारात उभा राहिलो. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. शाळेची शिस्त, अभ्यासक्रम, माझे कष्ट, त्यानं न विचारता उघडलेलं कुलूप. पण मी पुढं होऊन रंगाचा डबा धरला. त्यानं शेपटी मोडली, कान तोडला, खाली फरशीवर पडलेले थेंब तसेच ठेवले आणि वाळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं मलाच दटावून निघून गेला.

तो तक्ता अजून तिथंच आहे. "कानाचे टोक" ही रेघ हवेत थांबते. दर वर्षी नवी पोरं येतात, छडी घेऊन अवयव दाखवायला उभी राहतात आणि तिथं येऊन अडतात. सर, कानाचं टोक कुठंय? मी म्हणतो, गेलंय. पुढचा अवयव सांगा.